पायाचे हाड जन्मतः नसलेले किंवा आखूड असलेले बाळ: नव्या पालकांसाठी मार्गदर्शन

गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या भागात दोन हाडे असतात. पुढून हाताला लागते ते नडगीचे जाड हाड म्हणजे टिबिया, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला स्नायूंत दडलेले बारीक हाड म्हणजे फिब्युला. काही बाळांमध्ये हे बारीक हाड जन्मतःच आखूड असते किंवा मुळीच नसते, आणि या अवस्थेला फिब्युलर हेमिमेलिया म्हणतात. लांब हाडांच्या जन्मजात उणिवांमध्ये ती सर्वाधिक आढळत असली तरी सुमारे ४० ते ५० हजार जन्मांमागे एक एवढेच तिचे प्रमाण असल्याने, ज्या डॉक्टरांनी प्रसूती केली त्यांनी असे बाळ पूर्वी पाहिलेलेच नसण्याची शक्यता बरीच असते. टिबियाच नसणे हे याहून कितीतरी दुर्मीळ, दहा लाख जन्मांमागे एखादे. या लेखाचा भर फिब्युलावर आहे. टिबियाच्या बाबतीत जे वेगळे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

बाळाला घेऊन घरी आल्यावर पालकांसमोर शंभर प्रश्न उभे राहतात, परंतु उपचारांची दिशा त्यांतल्या दोनच प्रश्नांवर ठरते. पाऊल जमिनीवर नीट टेकेल असे आहे का, आणि वाढ पूर्ण होईल तेव्हा दोन्ही पायांच्या लांबीत किती फरक असेल? आज पाय कसा दिसतो यावरून घेतलेला निर्णय पुढे बहुधा चुकीचा ठरतो. म्हणून पहिल्या वर्षाचे खरे काम या दोन प्रश्नांची भरवशाची उत्तरे मिळवणे हे आहे.

आईला दोष देणे आधी थांबवावे

गर्भाच्या हातापायांची घडण गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात होते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते किंवा कळलेलेही नसते. ग्रहण पाळले नाही, सातव्या महिन्यात जिना उतरताना पाय घसरला, पपई खाल्ली, यांपैकी कशाचाही या हाडाशी संबंध नाही. फिब्युलाची उणीव बहुतेक वेळा एका कुटुंबात एकदाच, कोणताही आनुवंशिक धागा नसताना उद्भवते, त्यामुळे पुढच्या अपत्याला तीच अडचण येईल अशी भीती बाळगण्याचे सहसा कारण नसते. टिबियाच्या उणिवेचे मात्र काही प्रकार आनुवंशिक असतात, आणि दोन्ही पाय किंवा हातांची बोटेही वेगळी असतील तर आनुवंशिकतज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवणे अधिक उपयोगी पडते. पहिल्या भेटीला सासूबाईंना किंवा आजोबांना सोबत नेले तर घरी पुन्हा पुन्हा खुलासे करत बसावे लागत नाही.

पहिले सहा आठवडे: काय पाहावे, काय टाळावे

घाई नाही, हे आधी मनाशी पक्के धरावे. पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया लागत नाही, आणि महिनाभर उशीर झाल्याने हातचे काही जात नाही. स्तनपान, लसीकरण, आंघोळ सारे नेहमीप्रमाणेच करावे.

बाळ शांत असताना दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून निरखावे. फिब्युला नसेल तर नडगी पुढे आलेल्या कमानीसारखी दिसते, कमानीच्या टोकाशी कातडीवर एक लहानशी खळी असते, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेले आणि टाच वर ओढलेली असते, आणि करंगळीकडची एक-दोन बोटे कमी असू शकतात. या खळीचे पालकांना फार भय वाटते, पण ती जखम नसते आणि तिला मलमही लागत नाही. मांडीच्या घड्या आणि गुडघ्यांची पातळी दोन्हीकडे सारखी आहे का हेही पाहावे, कारण या बाळांत मांडीचे हाडसुद्धा त्याच बाजूला थोडे आखूड असणे वारंवार आढळते.

नडगीची कमान कोणत्या दिशेला आहे, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावा, कारण दिसायला सारख्या वाटणाऱ्या तीन अवस्थांचे भविष्य अगदी निराळे असते. कमान पुढे व आतल्या बाजूला असेल तर ती फिब्युलाच्या उणिवेशी जुळते. ती मागे व आतल्या बाजूला असेल तर हाड वयानुसार बरेचसे आपोआप सरळ होते आणि लांबीतला थोडा फरक तेवढा उरतो. पुढे व बाहेरच्या बाजूला असलेली कमान मात्र सर्वांत जपण्याची, कारण अशी नडगी मोडू शकते आणि मोडल्यावर सहजासहजी जुळत नाही. त्या बाळाच्या अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग असतील तर ते लगेच दाखवावेत.

दुसरी सावधगिरी क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पावलाच्या, बाबतीत. टिबिया नसलेल्या बाळाचे पाऊल आतल्या बाजूला वळलेले असते आणि वरवर पाहता ते क्लबफूटसारखेच दिसते. प्लास्टर घालून घालून क्लबफूट सरळ होतो, टिबियाची उणीव होत नाही. म्हणून गुडघ्यापासून खालचा भाग आखूड वाटत असेल तर पहिले प्लास्टर चढवण्याआधी एक्स-रे काढण्याचा आग्रह पालकांनी धरावा, आणि त्यात संकोच वाटू देऊ नये.

मालीश करायला येणाऱ्या बाईंना नीट समजावून सांगावे लागते. हलक्या हाताने तेल लावायला काहीच हरकत नाही; पण नडगी दाबून ‘हाड बसवून देते’ किंवा पाऊल पिळून ‘सरळ करते’ असे त्या म्हणू लागल्या तर त्यांना थांबवावे. नसलेले हाड मालिशने येत नाही.

योग्य डॉक्टर आणि पहिल्या तपासण्या

हाडांचे सर्वच डॉक्टर या कामाचे नसतात. मुलांच्या हाडांचे तज्ज्ञ, आणि त्यांतही पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रिया ज्यांच्याकडे नियमित होतात असे, शोधावेत. मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अस्थिरोग विभाग, गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय ही सुरुवात करण्याची ठिकाणे आहेत. गावाकडे राहणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयातले शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तेथून मोठ्या रुग्णालयाकडे रीतसर संदर्भपत्र मिळते, ज्याचा पुढे योजनांच्या कागदपत्रांतही उपयोग होतो.

पहिल्या भेटीत दोन्ही पायांचा खुब्यापासून पावलापर्यंतचा एक्स-रे निघतो. फक्त आखूड पायाचा एक्स-रे पुरत नाही, कारण तुलना करायला दुसरा पाय त्याच फिल्मवर हवा. खुब्याचा सांधा नीट बसलेला आहे का हे पाहण्यासाठी सुमारे सहा आठवड्यांच्या वयात सोनोग्राफी करतात. नवजात बाळाची काही हाडे अजून कूर्चेचीच असल्याने ती एक्स-रेत दिसत नाहीत. तेव्हा ‘हाड नाही’ आणि ‘हाड अजून दिसत नाही’ यांतला फरक डॉक्टरांकडून समजून घ्यावा. गुडघ्यातील एकमेकांना फुलीसारखे छेदणारे बंध, म्हणजे क्रूशिएट लिगामेंट, या मुलांत पुष्कळदा नसतात किंवा सैल असतात. रोजच्या चालण्यात ते सहसा जाणवत नाही, पण पुढे पाय लांब करताना गुडघा निसटू नये म्हणून त्याची नोंद आधीपासून असलेली बरी.

फरकाचे गणित

हा भाग थोडा शांतपणे वाचावा, कारण पालकांच्या मनातला सर्वांत मोठा गोंधळ येथेच असतो. बाळ सहा महिन्यांचे असताना फरक दीड सेंटीमीटर होता, तिसऱ्या वर्षी पावणेतीन झाला. म्हणजे आजार वाढतो आहे, असे वाटू लागते. तसे नसते. जन्मजात उणिवेत आखूड पाय वाढतोच, पण दुसऱ्या पायाच्या ठरावीक प्रमाणातच वाढतो. जन्माच्या वेळी तो १० टक्के आखूड असेल तर सोळाव्या वर्षीही साधारण १० टक्केच आखूड राहतो. सेंटीमीटर वाढतात, टक्केवारी बहुधा तशीच राहते.

म्हणूनच शेवटचा फरक लहान वयात वर्तवता येतो. ड्रॉर पेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या गुणक पद्धतीत आजच्या फरकाला वयानुसार एका आकड्याने गुणतात. एक वर्षाच्या मुलीसाठी हा गुणक २.९७ आहे, मुलासाठी ३.२४. समजा, वर्षाच्या मुलीच्या पायांत अडीच सेंटीमीटरचा फरक आहे. तर वाढ पूर्ण झाल्यावर तो सुमारे साडेसात सेंटीमीटर होईल. मुलीचा पाय तिसऱ्या वर्षाच्या आसपास आणि मुलाचा चौथ्या वर्षाच्या आसपास अंतिम लांबीच्या निम्मा झालेला असतो, एवढे लक्षात ठेवले तरी घरच्या घरी अंदाज बांधता येतो: त्या वयातला फरक दुप्पट करावा.

मोजमाप मात्र नेमके हवे. मूल उभे राहू लागल्यावर आखूड पायाखाली अर्धा-अर्धा सेंटीमीटर जाडीच्या लाकडी फळ्या एकावर एक ठेवत जातात आणि कमरेची दोन्ही हाडे समपातळीत आली की फळ्यांची जाडी मोजतात. मूल टाच उचलून उभे आहे किंवा गुडघा वाकवून उभे आहे याकडे मोजणाऱ्याचे लक्ष नसेल तर आकडा हमखास चुकतो. टेपने मोजलेल्या एका आकड्यावर विसंबू नये. दर सहा ते बारा महिन्यांनी मोजलेले तीन-चार आकडे एका रेषेत येऊ लागले की मगच त्यावर भरवसा ठेवावा.

चालू लागल्यावर: बूट

फिब्युला नसलेली बहुतेक मुले आपापल्या वेळी उभी राहतात आणि चालतात. फरक साधारण दोन सेंटीमीटरपर्यंत असेल तर काहीच न करताही चालते. त्यापुढे बुटाचा तळ वाढवून घेतात. एक सेंटीमीटरपर्यंतची भर बुटाच्या आत बसते, त्याहून जास्त असेल तर ती बाहेरून तळाला चढवावी लागते. फरक पूर्ण भरून काढण्याची गरज नाही, थोडा उणा ठेवलेला तळ मुलाला सोयीचा पडतो. भर हलक्या फोमची असावी. गल्लीतल्या चांभाराकडून टायरच्या रबराचा तळ लावून घेतला तर तो स्वस्त पडतो, टिकतोही, पण तीन वर्षांच्या मुलाला तो ओढवत नाही. फरक फारच मोठा असेल तर पाऊल आत घेऊन खाली कृत्रिम पाऊल जोडलेले साधन बनवून देतात.

आपल्या घरांत चपला दाराबाहेर राहतात, हा साधा मुद्दा कागदावरच्या सल्ल्यात सुटून जातो. मूल दिवसाचे कित्येक तास घरातच असते, म्हणून घरात वापरायचा स्वच्छ जोड वेगळाच करून घ्यावा.

उपचारांचे मार्ग

शेवटचा फरक पाच सेंटीमीटरच्या आत राहणार असेल आणि पाऊल चांगले असेल, तर वाढीच्या वयात चांगल्या पायाच्या गुडघ्याजवळची वाढ योग्य वेळी थांबवणे ही छोटी शस्त्रक्रिया पुरते. ती साधारणपणे मुलींत अकरा-बारा आणि मुलांत तेरा-चौदाच्या सुमारास होते. उंची थोडी कमी होते एवढेच. वेळ चुकली तर मात्र संधी गेली, त्यामुळे या वर्षांत तपासणी चुकवू नये. गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल तर वाढीच्या वयातच दोन स्क्रूंची छोटी पट्टी बसवून तो हळूहळू सरळ करता येतो.

फरक मोठा असतो तेव्हा दोन वाटा समोर येतात आणि खरी कसोटी तेथेच लागते.

पहिली वाट पाय लांब करण्याची. सैबेरियातील कुर्गान येथे गावरिल इलिझारोव्ह यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत हाड शस्त्रक्रियेने कापतात, पायाभोवती कड्यांची चौकट तारांनी हाडाला बसवतात आणि सुमारे आठवडाभर थांबून दोन्ही तुकडे दिवसाला एक मिलिमीटर या गतीने दूर सरकवतात. मधल्या फटीत नवे हाड तयार होते. सरकवण्याचे काम घरीच होते: आट्याच्या दांड्याचा पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर, म्हणून नट दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा फिरवायचा. पाच सेंटीमीटरसाठी ५० दिवस लागतात, परंतु नवे हाड कडक होईपर्यंत चौकट तशीच ठेवावी लागते, आणि एकूण हिशेब सेंटीमीटरमागे महिना ते दीड महिना असा बसतो. म्हणजे पाच सेंटीमीटरला सहा-सात महिने. एका वेळी साधारण पाच ते आठ सेंटीमीटर लांबी मिळते. फरक त्याहून जास्त असेल तर काही वर्षांनी पुन्हा हेच करावे लागते.

या महिन्यांत घरातल्या एका माणसाचा बराचसा दिवस या कामात जातो. तारा कातडीतून जेथे आत शिरतात त्या प्रत्येक जागेची नियमित स्वच्छता करावी लागते. तेथे लाली, गरमपणा किंवा पू दिसला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. जंतुसंसर्ग जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी होतो आणि वेळेत औषध दिले तर बहुधा आटोक्यात येतो. हाड लांबते पण स्नायू मागे राहतात, त्यामुळे टाच वर ओढली जाते आणि गुडघा वाकू लागतो. यावर रोजची फिजिओथेरपी हाच उपाय आहे. आठवड्यातून अनेकदा फिजिओथेरपिस्टकडे जाणे शक्य नसेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच व्यायाम शिकून घ्यावेत. कपड्यांची सोयही आधी करावी: पायजम्याची बाहेरची शिवण उसवून तेथे वेल्क्रो लावून घेतले की चौकटीवरून तो सहज घालता येतो. पाऊल बाहेर कललेले असेल तर ते सरळ करून घोटा स्थिर करण्याची शस्त्रक्रिया लांबवण्याच्या आधी किंवा सोबत करावी लागते, नाहीतर लांब झालेला पाय वाकड्या पावलावर उभा राहतो.

दुसरी वाट ऐकताना छातीत धस्स होते: पाऊल घोट्याच्या सांध्यातून काढून कृत्रिम पाय बसवणे. एडिंबराचे शल्यविशारद जेम्स साइम यांच्या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया पावलाला तीनाहून कमी बोटे असतील, घोटा टिकण्याजोगा नसेल किंवा फरक ३० टक्क्यांहून जास्त असेल तेव्हा मुख्यत्वे सुचवली जाते. तिच्यात टाचेची जाड कातडी जपून हाडाच्या टोकावर बसवतात. त्यामुळे मूल रात्री कृत्रिम पाय न घालताही त्या टोकावर भार देऊन न्हाणीघरापर्यंत चालत जाऊ शकते. हाड मधोमध कापलेले नसल्याने वाढत्या वयात टोक कातडीबाहेर येण्याची अडचणही येत नाही. पाय मुळातच आखूड असल्याने कृत्रिम पावलाला खाली जागा मिळते. शस्त्रक्रिया साधारण वर्षाच्या आसपास, मूल धरून उभे राहू लागते त्या सुमारास केली तर ते पहिले पाऊल कृत्रिम पायावरच टाकते आणि तो त्याला परका वाटत नाही.

माझे मत स्पष्ट सांगायचे तर ही वाट पराभवाची आहे असे समजणे हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. १९९६ च्या अटलांटा पॅरालिम्पिकमध्ये धावलेल्या एमी मलिन्स यांना जन्मतः फिब्युला नव्हते आणि त्यांचे दोन्ही पाय वर्षाच्या वयात गुडघ्याखाली काढलेले होते. उलट चार-पाच शस्त्रक्रिया, शाळेची बुडालेली वर्षे आणि तरीही दुखरे, ताठर पाऊल असा शेवटही लांबवण्याच्या वाटेवर संभवतो. मात्र ज्यांचे पाऊल चांगले आहे आणि फरक मध्यम आहे अशा मुलाचे पाऊल केवळ काम लवकर उरकावे म्हणून काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

टिबिया पूर्णपणे नसेल तर प्रश्न गुडघ्याचाच असतो. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करू शकतो का यावर सारे अवलंबून असते, आणि तो करत नसेल तर गुडघ्याच्या सांध्यातून पाय काढून कृत्रिम पाय देणे हा बहुतेक तज्ज्ञांचा सल्ला असतो.

निर्णयाच्या बैठकीला जाताना प्रश्न लिहून न्यावेत. अंतिम फरक किती अपेक्षित आहे? एकूण किती शस्त्रक्रिया, कोणत्या वयात? घोटा शेवटी हलेल की स्थिर राहील? तुमच्याकडे अशी किती मुले आहेत, आणि त्यांतल्या एखाद्या कुटुंबाशी बोलता येईल का? शेवटचा प्रश्न विचारायला कचरू नये. चौकटीतल्या मुलाच्या आईशी अर्धा तास बोलून जे कळते ते माहितीपत्रकात नसते.

कृत्रिम पाय आणि आपले राहणीमान

जयपूर फूट १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या हातून घडला, तो अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे, मांडी घालता यावी म्हणूनच. १९७५ मध्ये जयपूरला स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो विनामूल्य बसवते. मुंबईत हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थाही कृत्रिम अवयव बनवते. लहान मुलाचा साचा, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या भागात मुलाचा पाय बसतो तो भाग, सुरुवातीच्या वर्षांत साधारण दरवर्षी बदलावा लागतो. साचा काढल्यावर कातडीवरची लाली वीस-पंचवीस मिनिटांत गेली नाही तर तो तंग झाला आहे असे समजून दाखवायला न्यावे. पावसाळ्यात ओला मोजा आत राहिला तर कातडी सोलवटते, तेव्हा शाळेच्या दप्तरात कोरड्या मोज्यांचा एक जोड असू द्यावा.

प्रमाणपत्र, योजना, शाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती आणि ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क लागू होतो. त्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणीला जावे लागते. केवळ थोडा आखूडपणा असेल तर टक्केवारी ४० पर्यंत पोहोचत नाही हेही लक्षात घ्यावे. महाराष्ट्रात शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रुग्णालयातील महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे, कारण मान्यता शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते.

शाळेत वर्गशिक्षकांना सुरुवातीलाच सारे सांगून टाकावे, आणि खेळाच्या तासाला मुलाला बाजूला बसवून ठेवू नये अशी विनंती लेखी द्यावी. पोहणे, सायकल, क्रिकेट यांना सहसा मनाई नसते. चौकट पायावर असेल तेवढ्या काळात काय चालेल ते डॉक्टर सांगतील.

फाइल

उपचार सोळा वर्षे चालणार आणि या काळात डॉक्टर, गाव, कधी राज्यही बदलणार, म्हणून कागद पालकांनीच सांभाळावेत. प्रत्येक मोजमाप तारखेसह एका वहीत लिहावे: बाळाचे वय, दोन्ही पायांतला फरक, कोणी व कसे मोजले. एक्स-रेची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे मोजणीच्या कामाची नसतात, कारण त्यांत माप कळत नाही. रुग्णालयाकडून मूळ डिजिटल प्रत सीडीवर मागून घ्यावी. जुन्या फिल्म पावसाळ्यातल्या दमटपणाने एकमेकींना चिकटतात, तेव्हा प्रत्येक फिल्ममध्ये कोरा कागद घालून त्या उभ्या ठेवाव्यात, आणि शस्त्रक्रियेत आत काही स्क्रू किंवा पट्टी राहिली असेल तर तिचे नाव व माप लिहिलेला शस्त्रक्रियेचा अहवाल घरी जाण्याच्या दिवशीच मागून घ्यावा, कारण पाच वर्षांनी ती काढायची वेळ आली की नव्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.